आच आधी, चित्र नंतर

पत्र: मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. जलरंग आणि तैलरंगांची सवय आहे, पण अलीकडे गरम मेणात रंग कालवून काढायच्या चित्रांचा, म्हणजे एन्कॉस्टिकचा नाद लागलाय. दुकानातल्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मुलांचे क्रेयॉन गॅसवर वितळवून तयार कॅनव्हासवर लावले. दिसलं छान, पण आठवड्याभरात कडेनं पोपडे निघायला लागले. मग पोळ्याचं मेण मिळवलं, काष्ठौषधीच्या दुकानातून राळ आणली. राळ काही विरघळेना, धूर मात्र भरपूर झाला आणि खोकला लागला. थंडीत एका चित्रावर पांढुरकी साय धरली, ती बुरशी आहे का? परदेशी तयार संच मागवू का? आणि हे शाळेत मुलांकडून करून घेता येईल का?

ताई, नमस्कार.

संच आत्ता मागवू नका. तुमच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण पोपडे, धूर आणि न विरघळलेली राळ यांच्या मुळाशी मुख्यतः दोन गोष्टी आहेत: खालची फळी आणि आच. महागाच्या वड्या आणल्या तरी त्या याच कॅनव्हासवरून सुटतील आणि याच गॅसवर धुरावतील. जलरंग येणाऱ्याचा हात मेणात लवकर बसतो. वेळ लागतो तो आच ओळखायला. म्हणून पहिले काही आठवडे चित्र काढायचंच नाही, चाचणीच्या फळ्या करायच्या, असं ठरवून टाका.

कॅनव्हास बाजूला ठेवा. थंड झालेलं मेण ताठ असतं आणि कॅनव्हास बोटानं दाबला तरी लवतो, त्यामुळे उचलताना, टांगताना प्रत्येक वेळी मेणाला बारीक तडे जातात. त्यावर तयार कॅनव्हासचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्राच. गरम मेणाला पृष्ठभागात शिरायला बारीक छिद्रं लागतात, ती या पापुद्र्यानं बुजलेली असतात. मेण वर नुसतं बसून राहतं आणि पहिल्या संधीला सुटतं. इजिप्तमधल्या फायूम भागातली मृतांची व्यक्तिचित्रं इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, त्यातली बरीच मेणात रंगवलेली. ती पातळ लाकडी फळ्यांवर आहेत आणि आजही त्यांचे रंग ताजे दिसतात. तिथली कोरडी हवा हे त्याचं मोठं कारण, पण खाली ताठ आणि शोषणारं लाकूड आहे हेही तितकंच खरं.

फळीसाठी सुताराकडे प्लायवूडचे उरलेले तुकडे मागा. १५ बाय १५ सेंटिमीटरला ६ मिलिमीटर जाडी पुरते, ३० बाय ३० ला १२ मिलिमीटर घ्या. सनमायका, पॉलिश किंवा जुना रंग चढलेला तुकडा नको. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, चालतो, पण आपल्याकडच्या पावसात त्याच्या कडा पाणी पिऊन फुगतात, तेव्हा त्या कडांना आधी मेण पाजा. फळीच्या मागच्या बाजूलाही मेणाचा एक हात द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरी ओल ओढते आणि फळी वाकते.

शिकायला कोरं प्लायवूड पुरेसं आहे. पांढरी जमीन, म्हणजे चित्राखालचा थर, हवीच असेल तर ती खडूची करा, अ‍ॅक्रिलिकची नको. १०० मिलिलिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम सरस रात्रभर भिजत घाला. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या पातेल्यात ती वाटी ठेवून सरस विरघळवा, उकळू मात्र देऊ नका, उकळला की त्याची चिकटण्याची ताकद जाते. मग त्यात व्हायटिंगची, म्हणजे खडूची, पूड चाळून घालत जा, मिश्रण ताज्या सायीइतकं दाट होईपर्यंत. व्हायटिंग रंगाच्या दुकानात मिळतं, गणपतीच्या मूर्ती करणारेही ते वापरतात. एक हात आडवा, तो वाळल्यावर एक उभा, असे चार-पाच हात द्या आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून होतो, तो नको असेल तर चिंचोक्याची खळ करून बघा. सावंतवाडीच्या गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची, जमीन चिंचोक्याची खळ आणि खडू यांचीच असते. फक्त खळीची फळी आधी चाचणीला लावा, तिच्यावर एकदम मोठं चित्र नको.

आता मेण. मेणबत्तीचं मेण पॅराफिनचं असतं, ते ठिसूळ आणि धरायला कमकुवत. क्रेयॉनमध्येही मुख्यतः पॅराफिन, रंगद्रव्य थोडं, आणि त्यातले बरेच रंग उन्हात उडणारे. तुमच्या पोपड्यांना तेही एक कारण. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, थंड झाल्यावरही त्यात थोडी चिवट लवचीकता राहते आणि ते लाकडाला घट्ट धरतं. खानापूरच्या रानात आग्या मोहोळाचं मेण मिळतं ही तुमची मोठी सोय आहे. पण ते ओळखून घ्या. शुद्ध मेणाची वडी मोडली की मोड खरबरीत आणि निस्तेज दिसते, नखानं खरवडलं तर भुसा निघतो आणि मधाचा वास येतो. पॅराफिन मिसळलेलं असेल तर नख तेलकट घसरतं, मोड गुळगुळीत असते आणि कडा अर्धपारदर्शक दिसते.

पोळ्याचं मेण तसंच वापरायचं नाही, त्यात मध, पराग आणि माश्यांचे अवशेष असतात. स्टीलच्या पातेल्यात मेण आणि तितकंच पाणी घेऊन मेण वितळेपर्यंतच तापवा, जाड सुती कापडातून गाळा आणि पातेलं झाकून सावकाश निवू द्या. वर जमलेल्या वडीच्या तळाला चिकटलेला गाळ सुरीनं खरवडून टाका. असं दोनदा करा. लोखंडाचं किंवा तांब्या-पितळेचं भांडं घेऊ नका, लोखंडात मेण काळवंडतं आणि तांब्यात हिरवट होतं. शेवटी पाण्याशिवाय मेण सावकाश तापवत १०० अंशांच्या जरा वर ठेवून बुडबुडे येणं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. पाण्याचा एक थेंब मागे राहिला तरी पुढे गरम करताना मेण अंगावर उडतं.

या मेणाचा पिवळेपणा गेरूला, काळ्याला, तपकिरीला काहीच करत नाही. निळा मात्र हिरवट दिसतो आणि पांढरा मळकट. त्या दोन रंगांपुरतं मेण पातळ चकत्या करून ताटात पसरा, पाणी शिंपडत उन्हात ठेवा आणि रोज उलटत राहा. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते फिकट होतं. मे महिन्यात दुपारी चकत्या एकमेकींना चिकटतात, तेव्हा सकाळचंच ऊन द्या.

राळेबद्दल तुमची फसगत होण्यासारखंच आहे. या कामात डामर नावाची राळ लागते, ती सालवृक्षाच्याच कुळातल्या झाडांची. पूजेच्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानात राळ म्हणून मिळतं ते कधी सालाची राळ असतं आणि कधी पाइन झाडाचं रोझिन. रोझिन घातलं की मेण पुढे पिवळं पडतं आणि चिकट राहतं. ओळखायला वाटाण्याएवढा तुकडा कुटून बाटलीत थोड्या मेथिलेटेड स्पिरिटमध्ये (टर्पेंटाइन नव्हे) घाला, हलवा आणि रात्रभर ठेवा. रोझिन पूर्ण विरघळून द्रव स्वच्छ होतो. डामर अर्धवटच विरघळतं आणि तळाला पांढुरका गढूळपणा उरतो. ही चाचणी शेगडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत करा. दुकानातली राळ पटली नाही तर डामरचे खडे चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून मागवा. बाहेरून मागवायचं तेवढंच, आणि तेही फार लागत नाही.

प्रमाण वजनानं ८ भाग मेणाला १ भाग डामर. ४०० ग्रॅम मेण, ५० ग्रॅम डामर. डामरमुळे थर कडक होतो, त्याचा वितळणबिंदू वाढतो आणि थंडीत साय कमी धरते. १ भाग डामरला ४ भाग मेण इथपर्यंत जाता येतं, त्यापुढे थर काचेसारखा तडकतो.

तुमची राळ विरघळली नाही याचं कारण असं. तुम्ही बहुधा दुहेरी पातेल्यात प्रयत्न केला असेल आणि ते होईना म्हणून भांडं थेट गॅसवर ठेवलं असेल. आपल्या बेळगावच्या उंचीवर, साधारण साडेसातशे मीटरवर, पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे दुहेरी पातेल्यातलं मेण त्याच्या वर जाऊच शकत नाही. डामर मऊ होऊन मेणात मिसळायला ११० ते १२० अंश लागतात. थेट गॅसवर मात्र भांड्याचा तळ बघता बघता दोनशेच्या पुढे जातो, मेण जळू लागतं आणि त्यातून अ‍ॅक्रोलिनसारखे घसा-डोळे झोंबवणारे वायू निघतात. तुमचा खोकला त्याचाच. मेण तापवायला ज्योत वापरायचीच नाही, हा नियम कायमचा.

काटा असलेला इलेक्ट्रिक तवा घ्या. डामर जाड मिठाएवढं कुटा. स्टीलच्या पातेल्यात, ते निम्म्याहून जास्त भरणार नाही इतकं मेण घेऊन वितळवा, १०० अंशांच्या आसपास आणा आणि डामर चमचा-चमचा सोडत ढवळत राहा. ते जड असतं, तळाला जाऊन डिंकासारखं चिकटतं. तिथंच घाई होते आणि माणूस काटा वाढवतो. वाढवू नका. ११० ते ११५ वर ठेवून तळ खरवडत अर्धा-पाऊण तास ढवळा. चमच्याला तार येणं थांबलं की झालं. साल आणि किडे असतातच, तेव्हा पातळ सुती कापडातून गाळा आणि भोकं नसलेल्या इडलीच्या ताटलीत ओता. गार झाल्यावर वड्या आपोआप सुटतात. ती ताटली, पातेलं आणि चमचा परत स्वयंपाकघरात नेऊ नका. एवढ्या ४५० ग्रॅम माध्यमात, म्हणजे या मेण-डामरच्या मिश्रणात, १५ सेंटिमीटरच्या आठ-दहा फळ्या होतात: एका थराला सहाएक ग्रॅम लागतं आणि एका फळीवर सात-आठ थर बसतात.

तव्याच्या काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, काटा आणि खरं तापमान यात १०-२० अंशांचा फरक सर्रास असतो. लेझरच्या थर्मामीटरनं मोजणार असाल तर वितळलेल्या मेणावर धरा. चकचकीत धातूवर धरलं तर तो आकडा फार कमी दाखवतो आणि तुम्ही आच वाढवत जाता. धातू मोजायचाच असेल तर त्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर धरा. तव्यावर १० मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ठेवली तर आच सगळीकडे सारखी पसरते आणि तिच्यावरच रंग कालवता येतात. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ३० बाय ४५ सेंटिमीटरची प्लेट कापून मिळेल, वजन साडेतीन किलोच्या वर भरतं. इंडक्शन शेगडी या कामाची नाही. अ‍ॅल्युमिनियम तिच्यावर तापत नाही आणि स्टीलचं भांडं चालू-बंद झटक्यांनी तळाला करपतं.

विजेचं गणितही आधी करा. तवा १५०० वॅटचा आणि थर वितळवायची हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) १८०० वॅटची असेल तर दोन्ही मिळून १४ अँपिअरहून जास्त ओढतात. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, एकट्या हीट गनलाही तो कमी पडतो. दोन्हींसाठी वेगवेगळे १६ अँपिअरचे सॉकेट वापरा, दुकानातली स्वस्त एक्स्टेन्शन वायर नको. मध्येच लाइट गेली तर मेणात अडकलेले ब्रश ओढू नका, केस तुटतात. लाइट आल्यावर प्लेट तापली की ते आपोआप सुटतात.

काम करताना माध्यम ८० ते ९३ अंशांत ठेवायचं. १०५ च्या वर कधी नाही, वरचं डामर विरघळवण्याचं काम तेवढं अपवाद, आणि ते खिडक्या सताड उघड्या ठेवून. घर कौलारू, हवेशीर असलं तरी निर्धास्त राहू नका. एक्झॉस्ट पंखा प्लेटच्या पलीकडे असा लावा की वाफ तुमच्या तोंडावरून न जाता तुमच्यापासून दूर ओढली जाईल. धुळीचा मास्क रंगपूड कालवताना हवाच, पण मेणाची वाफ तो अडवत नाही. मेणानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, आगीचा भडका उडतो. भांड्यावर बसणारं स्टीलचं झाकण हाताशी ठेवा, झाकण टाका आणि वीज बंद करा. हातावर गरम मेण सांडलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि मेण ओरबाडून काढू नका.

रंगांत आपल्या बाजारात सोनंही आहे आणि विषही. काव, गेरू, पिवळी माती, काजळी, जस्ताची सफेदी, टायटॅनियमची सफेदी, अल्ट्रामरीन हे मेणात उत्तम बसतात. कपड्यांच्या निळीची पूड बहुधा अल्ट्रामरीनचीच असते, पण तीत सोडा मिसळलेला असू शकतो, म्हणून चाचणीपुरती ठीक. बाटलीतली पातळ नीळ नको. गुलाल, रांगोळीचे रंग, कुंकू, हळद घेऊ नका, ते उन्हात उडतात. आणि काष्ठौषधीच्या दुकानातला शेंदूर, हिंगूळ, हरताळ यांच्याकडे रंग म्हणून बघूसुद्धा नका. खऱ्या शेंदरात शिसं असतं, हिंगुळात पारा, हरताळात आर्सेनिक, आणि आपण ते गरम करायला निघालेलो असतो. रंगाच्या दुकानातल्या क्रोम पिवळ्यातही शिसं असतं.

२० ग्रॅम माध्यमाला १ ग्रॅम रंगपूड घातली तर पारदर्शक थर येतो, ३ ग्रॅमला झाकणारा. पूड पूर्ण वाळलेली हवी. आधी प्लेटवर थोड्या माध्यमात पॅलेट नाइफनं रगडा, गुठळ्या मोडल्या की उरलेलं माध्यम घाला. गेरू जड असल्यामुळे तळाला बसतो, प्रत्येक वेळी ब्रश बुडवताना ढवळा. तैलरंगाची ट्यूबही चालते. रंग टिपकागदावर तासभर ठेवून त्यातलं तेल निघू द्या आणि माध्यमाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा, जास्त तेलानं मेण मऊच राहतं. पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिक कधीच नाही. ब्रश डुकराच्या केसांचे घ्या, नायलॉनचे आचेनं मऊ पडून वाकतात. एका रंगाला एक ब्रश, आणि तो धुवायचा नाही.

आता या कामाचा गाभा, थर भाजणं. प्रत्येक थर खालच्या थरात वितळून मुरला पाहिजे, नाहीतर एकावर एक पत्त्यांचा गठ्ठा तयार होतो आणि तो पत्त्यांसारखाच सुटतो. फळी आधी कोमट करा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी फळी इतकी गार असते की मेण टेकताक्षणी गोठतं. हाताच्या पाठीला ऊबदार लागेल इतकी तापली की बिनरंगाचं माध्यम लांब, एका दिशेच्या फटकाऱ्यांनी लावा. हीट गनच्या हवेचा जोर सगळ्यात कमी ठेवा, दहा ते पंधरा सेंटिमीटरवर धरा आणि सतत हलवत राहा. पहिल्या थराला बुडबुडे येतील, ती लाकडाच्या छिद्रांतली हवा. ते थांबेपर्यंत भाजा, दुसरा थर द्या, पुन्हा भाजा. हे दोन बिनरंगाचे थर नीट मुरले तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

पुढच्या थरांना मात्र इतकं भाजायचं नाही. उजेड बाजूनं येईल असं बसा आणि पृष्ठभाग तिरका बघा. आधी थर निस्तेज असतो आणि ब्रशच्या रेघा टोकदार दिसतात. मग रेघांच्या धारा गोल होतात. मग अचानक ओली चमक येते. ती चमक आली त्या क्षणी गन पुढे सरकवायची. चमकलेला भाग थरथरला, रंगाची कड खालच्या रंगात ओघळली किंवा फळीच्या कडेला थेंब लोंबला, म्हणजे उशीर झाला. त्यावर उपाय थांबण्याचा. गरम असताना दुरुस्त करायला गेलं की चिखल होतो, निवू द्या आणि ब्लेडनं खरवडून पातळी सारखी करा.

हे डोळ्याला कळावं म्हणून पहिली चाचणी अशी करा. १५ सेंटिमीटरच्या फळीवर पाच-पाच सेंटिमीटरचे नऊ चौकोन आखा. तळाला दोन बिनरंगाचे थर. वरच्या तीन चौकोनांत माध्यम ७५ अंशांचं लावा, मधल्या तिन्हींत ८५, खालच्यांत ९५. डावा उभा रकाना चमक यायच्या आधीच सोडा, मधला चमक येताक्षणी, उजवा चमकेनंतर पाच सेकंदांनी. प्रत्येक चौकोनात असे तीन थर. एक दिवस निवू द्या, मग प्रत्येक चौकोनावर धारदार ब्लेडनं बारीक जाळी कापा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. डाव्या रकान्यात पापुद्रे निघालेले दिसतील, तेच तुमच्या जुन्या चित्रांचे पोपडे. उजवीकडे काही निघणार नाही, पण रंग एकमेकांत गेलेले असतील. फळीच्या मागे तारीख आणि आकडे पेन्सिलनं लिहून ठेवा. अशीच एक फळी रंगाच्या प्रमाणाची आणि एक पॅराफिन विरुद्ध पोळ्याचं मेण यांची करा. शेवटची मुद्दाम करा, दोन्हींतला फरक स्वतःच्या हातानं कापून बघितल्याशिवाय मनातून मेणबत्ती जात नाही.

इस्त्रीनंही भाजता येतं, पण ती रंग ओढत नेते. सुरुवातीला नको. बर्नर तर मुळीच नको.

चाचण्या झाल्या की कोरण्याकडे वळा, तुम्हाला ते लगेच आवडेल. गोवा-कारवारकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं: पांढऱ्या चुन्यावर काव लावायची आणि ती कोरून पांढरी रेघ काढायची. मेणात हेच होतं. पांढऱ्याचे तीन थर, त्यावर कावेचा एक, आणि फळी अंगाइतकी कोमट असताना सुईनं किंवा लिनोच्या अवजारानं कोरा. फार गरम असेल तर रेघ मागून मिटते, फार गार असेल तर कडा तुटतात. उलटही करता येतं: कोरलेल्या रेघेत तैलरंग भरा आणि वरचा रंग जवसाच्या तेलाच्या एक-दोन थेंबांनी ओल्या केलेल्या कापडानं पुसा. कोरल्यावर निघालेले कण ब्रशनं झाडून घ्या, नाहीतर भाजताना ते त्या रेघेतच वितळतात.

कागद, कापड आत बसवायचं असेल तर ते मेण पिणारं हवं. अमेरिकी चित्रकार जॅस्पर जॉन्सच्या १९५४-५५ मधल्या ‘फ्लॅग’ या चित्रात वर्तमानपत्राचे तुकडे मेणात बसवलेले आहेत. कागद आधी वितळलेल्या माध्यमात पूर्ण भिजवा, मग दाबून बसवा. कोरडा राहिलेला भाग हवा धरतो आणि तिथंच फोड येतो. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मागांवरचे कापडाचे तुकडे वापरणार असाल तर आधी एक धागा जाळून बघा. सुताची राख होते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते. ती गोळी झाली तर ते कापड हीट गनखाली आक्रसेल.

तुमच्या चित्रावरची साय बुरशी नव्हे. थंडीत मेणातले काही घटक पृष्ठभागावर येतात आणि द्राक्षांवर असते तशी पांढरट झाक दिसते. मऊ सुती कापडानं हलकेच चोळा, जाईल. पहिलं वर्षभर ती पुन्हा पुन्हा येते, मेण आत मुरत आणि कडक होत जातं तशी कमी होते. वर वॉर्निश लावू नका. पुसून न जाणारे काळे-हिरवे ठिपके दिसले तर मात्र ती ओल, आणि ती सरसाच्या जमिनीतून किंवा फळीच्या मागून आलेली असते. जून ते सप्टेंबर नवी फळी घेण्याआधी ती एक दिवस तव्याजवळ वाळवा, ओलसर फळीवरचं मेण भाजताना छिद्रांनी भरून जातं.

उन्हाळ्यात अथणी-चिकोडीकडे पारा चाळीशीला जातो, तेवढ्यानं चित्र वितळत नाही, पण नखानं ओरखडा पडेल इतकं मऊ होतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मात्र ते वितळू शकतं. प्रवासात चित्राला बटर पेपर लावा, बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट टेकवू नका, त्याचे गोल ठसे उमटतात.

शाळेचं विचारलंत. गरम मेण आणि हीट गन मुलांच्या हाती देऊ नका, वर्गात पंचवीस मुलं असताना तुमचं लक्ष एका ९० अंशांच्या भांड्यावर राहू शकत नाही. त्यांच्यासाठी तुमच्या त्या पांढऱ्या मेणबत्त्या कामाला येतील. जाड कागदावर मेणबत्तीच्या टोकानं जोर देऊन चित्र काढायला सांगा आणि वरून पातळ जलरंगाचा हात द्यायला लावा. मेण पाणी झिडकारतं, पांढऱ्या रेघा वर येतात. मोठ्या मुलांना कावीचा खेळही थंडच देता येतो: कागदावर पिवळ्या-केशरी क्रेयॉनचा दाट थर, त्यावर काळ्या क्रेयॉनचा, आणि बांगडीच्या काचेनं नको, कडा बोथट असलेल्या बांबूच्या काडीनं कोरायचं. रंग दाबून भरला नाही तर खालचा थर कोरताना कागद दिसतो, तेव्हा तो थर भरायला एक पूर्ण तास द्या आणि काळा दुसऱ्या तासाला.